नवा ओटा आणि बेसिनचं काउंटर: बसवून झाल्यावरची निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिस्त्री हत्यारं गोळा करून गेला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता वापरायला घेऊ का?’ दुसरा येतो तीनेक आठवड्यांनी, ‘हा डाग कसला पडला?’ दोन्हींची उत्तरं दगडात कमी आणि खालच्या मालात (सिमेंट-वाळूच्या मिश्रणात), सांध्यांत, सिंक-शेगडीसाठी कापलेल्या जागांत जास्त सापडतात. ग्रॅनाइट सहसा बिघडत नाही. त्याच्या आजूबाजूचं बिघडतं.

आमचा ओटा नक्की कशाचा आहे, ते कसं ओळखायचं?

दुकानात ‘ग्रॅनाइट’ या नावाखाली बरंच काही विकलं जातं. काळ्या दगडांपैकी अनेक शास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइट नसतातच. ते गॅब्रो किंवा डोलेराइट असतात, आणि ओट्यासाठी उलट जास्त चांगले, कारण घट्ट असतात. आंध्रातल्या चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलक्सी’ त्यातलाच. ‘काश्मीर व्हाइट’ येतो तमिळनाडूतून, काश्मीरशी त्याचा संबंध नाही. नावावर जाऊ नका, दगड तपासा.

सिंकसाठी कापून काढलेला तुकडा घरात असेल तर त्यावर तपासा, नसेल तर शेगडीमागच्या कोपऱ्यात. लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका, पाच मिनिटं थांबा, पुसा. चमक तशीच राहिली तर ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झ. बारीक बुडबुडे आले किंवा थेंबाच्या जागी मंद, खरखरीत डाग उरला तर दगडात चुना आहे, म्हणजे संगमरवर, कोटा, शहाबादी किंवा कडप्पा. पुढची निम्मी उत्तरं या एका चाचणीवर ठरतात.

क्वार्ट्झ ओळखायचा तर तुकड्याची कापलेली बाजू बघा. सगळीकडे सारखा, बारीक दाण्यांचा, कृत्रिम एकसारखेपणा दिसतो. त्यात साधारण ९० ते ९३ टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी पॉलिएस्टर रेझिन असतं. पांढराशुभ्र, काचेसारखा लखलखीत आणि एकही रेघ नसलेला असेल तर तो बहुधा ‘नॅनो व्हाइट’, म्हणजे स्फटिकी केलेली काच.

बसवल्यावर किती दिवसांनी वापरायचा?

इथे तीन वेगवेगळी घड्याळं चालू असतात आणि सगळ्यात हळू चालणाऱ्या घड्याळाकडे बघायचं असतं.

पहिलं सिमेंटचं. वीट-कडप्प्याच्या कप्प्यांवर माल पसरून दगड बसवला असेल तर पहिले २४ तास त्याला हात लावू नये. तीन दिवसांनी हलकं सामान ठेवा, सात दिवसांनी रोजचा स्वयंपाक. सिमेंटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, तोवर त्यावर चढून माळ्यावरची भांडी काढायची नाहीत. खालच्या विटांच्या उभ्या भिंतींना आठवडाभर पाणी मारावं. वरच्या दगडावर पाणी साचवून ठेवण्याने काहीच साधत नाही.

दुसरं सांध्यातल्या गोंदाचं. मिस्त्री मास्टिक वापरतो तेव्हा ते पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं. दोन भाग एकत्र करून लावायचं एपॉक्सी असेल तर २४ तास द्या. समोरच्या कडेची दुहेरी पट्टी (कड जाड दिसावी म्हणून खालून चिकटवलेली) याच गोंदावर लटकलेली असते, हे ध्यानात ठेवा.

तिसरं सिलिकॉनचं. वरून ते वीस मिनिटांत सुकलेलं वाटतं, पण आतपर्यंत सुकायचा वेग दिवसाला दोन-तीन मिलिमीटर इतकाच असतो. सहा मिमीच्या सांध्याला दोन ते तीन दिवस लागतात. सिंकमध्ये पाणी सोडायचं त्यानंतर.

मॉड्युलर ट्रॉलीच्या सांगाड्यावर माल न घालता दगड ठेवला असेल तर पहिलं घड्याळ नाही, ४८ तासांत काम सुरू करता येतं.

वास्तुशांत चार दिवसांवर आहे आणि ओटा काल बसला. काय करू?

नैवेद्याचा स्वयंपाक ओट्यावर करा, पन्नास माणसांचा नको. दूध उतू घालायचं असेल तर छोटी शेगडी भिंतीजवळ ठेवा आणि उतू गेलेलं दूध लगेच टिपून घ्या, कारण फिकट दगडाला अजून सीलर (डाग आत मुरू न देणारा द्रव) लागलेला नसतो. पाण्याचे हंडे, मोठी पातेली, मिक्सर हे ओट्याबाहेर, टेबलावर. सिंकचं सिलिकॉन सुकलं नसेल तर भांडी मोरीत घासलेली बरी. पाहुण्यांपैकी कुणी गप्पा मारता मारता ओट्याच्या कडेवर बसतंच. सिंकसमोरच्या चिंचोळ्या पट्टीवर तरी बसू देऊ नका.

मिस्त्री म्हणतो, ‘ॲसिड मारून धुतो, लख्ख होईल.’ होऊ द्यायचं का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते सिमेंटचे शिंतोडे विरघळवतं, म्हणून मिस्त्रीला सोयीचं. पण ते सांध्यातला पांढरा सिमेंटही खातं. संगमरवर, कोटा, कडप्पा यांची पॉलिश काही सेकंदांत उडवतं. फिकट ग्रॅनाइटमधल्या लोहयुक्त कणांना गंज चढून आठवड्याभराने पिवळट ठिपके दिसू लागतात. वाफ स्टीलच्या सिंकला, नळाला, ट्रॉलीच्या बिजागऱ्यांना लागते आणि नव्या कोऱ्या स्टीलवर तपकिरी टिपके उठतात. लोक मग सिंकच्या कंपनीला दोष देतात.

त्याऐवजी सिमेंटचे थेंब त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. वाळलेच असतील तर ग्रॅनाइटवर दाढीचं नवं ब्लेड ३० अंशांत धरून, पाण्याने ओलं ठेवून खरवडा. संगमरवर, कडप्पा, क्वार्ट्झवर ब्लेड नको. तिथे लाकडी पाचर किंवा प्लास्टिकची पट्टी. सांधे भरायच्या एपॉक्सी ग्राउटचा धूसर थर मात्र वीस-तीस मिनिटांतच निघतो. दुसऱ्या दिवशी तो निघायचा असेल तर त्याच ग्राउटबरोबर मिळणारं सफाईचं द्रावण आणावं लागतं.

मिस्त्रीने तुम्ही नसताना ॲसिड मारलंच असेल तर भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसा, पुन्हा साध्या पाण्याने. ॲसिडवर ब्लीच कधीही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जीवावर बेततो.

फिकट ग्रॅनाइटवर मधेच गडद पट्टे दिसतात. दगड डागी निघाला का?

बहुधा नाही. खालच्या ओल्या मालातलं पाणी दगडात चढलंय. माल जिथे जाड किंवा ओला, तिथे रंग गडद. हवा खेळती ठेवली तर दोन ते सहा आठवड्यांत जातो, पावसाळ्यात जास्त वेळ. या काळात वरून सीलर लावला तर ओल आत कोंडते, म्हणून थांबा.

दोन महिन्यांनीही पट्टा हलला नाही आणि तो सांध्याच्या किंवा सिंकच्या कडेने चौकटीसारखा दिसत असेल, तर स्वस्त सिलिकॉनमधलं तेल दगडात शिरलंय. हा डाग सहसा निघत नाही. म्हणून दगडासाठीचं ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागायचं. लावताना व्हिनेगरसारखा झोंबणारा वास आला तर ते ॲसिटिक जातीचं आहे. काचेला चालतं, संगमरवराला आणि कडप्प्याला चालत नाही.

सांध्यातून पांढरी भुकटी येते.

लोणा. मालातले क्षार पाण्याबरोबर वर येऊन वाळतात. कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका, नाहीतर क्षार विरघळून परत आत जातात. माल वाळला की थांबतं. चार महिन्यांनीही येत असेल तर कुठूनतरी पाणी सतत मुरतंय, आणि पहिला संशय सिंकच्या कडेवर घ्यावा.

सीलर लावायलाच हवा का?

कोरड्या दगडावर चमचाभर पाणी ओता आणि १५ मिनिटं बघत राहू नका, चहा करून या. पाणी पुसल्यावर खाली गडद डाग दिसला तर सीलर हवा. दिसला नाही तर नको. बहुतेक घट्ट काळ्या दगडांना नकोच असतो. त्यांच्यात तो शिरत नाही आणि वर चिकट, धूसर थर होऊन बसतो, ज्यावर प्रत्येक बोट उमटतं. काश्मीर व्हाइटसारख्या फिकट, सच्छिद्र दगडांना, संगमरवराला आणि कडप्प्याला हवाच. क्वार्ट्झ आणि नॅनो व्हाइटला कुणी सीलर विकत असेल तर घेऊ नका.

लावायची पद्धत सोपी आहे, चुकते ती घाईत. ओटा बसवून किमान तीन-चार आठवडे झालेले हवेत. आदल्या रात्री साबणाच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने पुसून रात्रभर कोरडा करा. आत मुरणारा सीलर घ्या, वर थर देणारा नको. स्वच्छ सुती फडक्याने एकावेळी दोन-तीन फूट एवढाच भाग ओला करा. डब्यावर लिहिलेला वेळ, सहसा ५ ते १५ मिनिटं, थांबा. मग कोरड्या फडक्याने उरलेला सगळा, अगदी सगळा, पुसून घ्या. तो तसाच वाळला की ढगाळ डाग होतो, आणि तो काढायला तोच सीलर पुन्हा वर लावून लगेच पुसावा लागतो. २४ तास पाणी लागू देऊ नका. पुढे वर्षातून एकदा चमचाभर पाण्याची तीच चाचणी करा.

रोज कशाने पुसायचा?

लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंब, मऊ फडकं, नंतर साधं पाणी, शेवटी कोरडं फडकं. इतकंच. काळ्या ओट्यावर जो मंदपणा येतो तो बऱ्याचदा दगडाचा नसतो, साबणाच्या थराचा असतो. शेवटचं साधं पाणी टाळलं की दोन महिन्यांत तो दिसतो. तो काढायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, पण गॅस बंद करून आणि खिडकी उघडून.

तारेची घासणी, राख, भांड्यांची पावडर, फरशीचं फिनेल आणि लिंबाचं चोथं यांना ओट्यापासून लांब ठेवा. लिंबाचं चोथं फिरवणं हा आपल्याकडचा जुना इलाज आहे. पितळेच्या तांब्याला तो उत्तम, कडप्प्याला घातक.

हळदीचा डाग साबणाने घासला तर लाल झाला!

साबण क्षारधर्मी असतो आणि हळदीतलं कुरकुमिन क्षारात लाल होतं. पांढऱ्या शर्टावर वरण सांडून साबण लावला की जे होतं तेच. घाबरू नका, डाग वाढलेला नाही, फक्त रंग बदललाय.

कुरकुमिन उजेडात विरतं. ओट्यावर खिडकीचं ऊन येत असेल तर फिकट ग्रॅनाइटवरचा हलका डाग चार-पाच दिवसांत आपोआप जातो. थांबायचं नसेल किंवा डाग आत मुरला असेल तर लेप घाला:

चार टेबलस्पून खाण्याचा सोडा घ्या. त्यात औषधांच्या दुकानात मिळणारं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब घालून श्रीखंडाच्या चक्क्याइतकं घट्ट कालवा. डागाच्या बाहेर बोटभर जाईल असा, पाच मिलिमीटर जाडीचा थर द्या. वर पातळ प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी प्लास्टिक काढा, पण लेप तसाच पूर्ण वाळू द्या. खरं काम या वाळण्यात होतं, कारण ओलावा वर येताना डाग ओढून आणतो. मग प्लास्टिकच्या पट्टीने काढून पुसा. एका वेळेत गेला नाही तर पुन्हा. तीन वेळा करूनही तसाच असेल तर नाद सोडा, उजेडावर ठेवा.

हा लेप फिकट दगडासाठी आहे. काळ्या दगडावर हळद दिसतच नाही. क्वार्ट्झवर हळद वरच्या वर असते, सोड्याच्या पातळ लेपाने अर्ध्या तासात निघते.

आणि तेलाचा?

तळणीच्या कढईखाली जो गडद गोल उमटतो, तो. टाल्कम पावडर किंवा मैदा ॲसिटोनमध्ये कालवून वरच्याच पद्धतीने लेप. मुलतानी माती पांढऱ्या दगडावर नको, तिच्यात लोह असतं, डाग निघेल आणि माती राहील. ॲसिटोन पेटतं, त्यामुळे गॅसची ज्योत, निरांजन, सिगारेट काहीही जवळ नको. क्वार्ट्झवर आणि रंगवलेल्या काळ्या दगडावर ॲसिटोन वापरू नका.

रंगवलेला काळा दगड? म्हणजे?

करडा दगड काळा दिसावा म्हणून कधीकधी रंग आणि तेल मुरवून विकतात. पांढऱ्या कापसावर दोन थेंब ॲसिटोन घेऊन कापलेल्या तुकड्यावर घासा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. पहिल्या आठवड्यात फडक्याला थोडं काळं लागणं वेगळं, ते पॉलिशचं उरलेलं असतं, धुतल्यावर थांबतं. रंगवलेला ओटा साबणाने आणि लिंबाने हळूहळू करडा पडत जातो. त्यावर घरगुती इलाज नाही. बिल चुकतं करण्याआधी तपासलेलं बरं.

माठाखाली, नळाभोवती पांढरी कडी आली आहे.

माठ झिरपतो, पाणी उडतं, क्षार उरतात. बोअरच्या पाण्याच्या गावांत हे महिन्याभरात दिसतं. आधी नखाने चाचपा. पांढरं वर उठलेलं, नखाला अडकणारं असेल तर तो क्षारांचा थर आहे. नखाला काहीच न अडकता पांढरट, मंद दिसत असेल तर दगडाची पॉलिश गेली आहे आणि कितीही घासून ती परत येणार नाही.

थर असेल तर ग्रॅनाइटवर ओलं ब्लेड आडवं धरून हळू खरवडा. मग व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात भिजवलेला टिश्यू फक्त त्या थरावर पाच मिनिटं ठेवा आणि धुवा. सांध्यावर ठेवू नका. संगमरवर-कडप्प्यावर व्हिनेगर मुळीच नको, तिथे लाकडी पाचर आणि चिकाटी. नळावरचे क्षार लिंबाने काढताना रस खाली दगडावर ओघळतो, म्हणून आधी नळाभोवती फडकं गुंडाळा. माठासाठी खोल ताटली किंवा तिवई ठेवा आणि ताटलीतलं पाणी रोज ओता.

गरम तवा थेट ठेवला तर?

दगड कोणता त्यावर. ग्रॅनाइट उष्णता सोसतो, पण सगळा भाग एकसारखा तापला तर. सिंक आणि शेगडीमधल्या किंवा शेगडीसमोरच्या दोन-तीन इंचांच्या पट्टीवर रसरशीत तवा ठेवला आणि लगेच शेजारी गार पाणी पडलं, तर तडा जायला तेवढं पुरतं. क्वार्ट्झमधलं रेझिन साधारण १५० अंश सेल्सियसपुढे जळतं. भाकरीचा तवा सहज त्याच्या वर असतो. पिवळट-पांढरा गोल उमटतो आणि तो कायमचा. नॅनो व्हाइट काच असल्याने अचानक तडकतो. ॲक्रिलिकचा, म्हणजे बोलीभाषेतला ‘कोरियन’ ओटा फुगतो किंवा वाकतो.

कापून निघालेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्याला खाली रबराचे चार पाय चिकटवा. घरातली सगळ्यात भक्कम बैठक तयार. कुकर, कढई, मोदकपात्र, सगळं त्यावर.

खलबत्ता, नारळ, खवणी यांचं काय?

नारळ ओट्याच्या कडेवर आपटून फोडणं बंद. कडेचा टवका उडतो, आणि दुहेरी पट्टी असेल तर आतला गोंद फुटतो. तो लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी पट्टी सैल लागते.

खलबत्ता चालेल, पण खाली दुमडलेलं जाड फडकं घालून आणि जिथे खाली उभी भिंत आहे तिथेच. दोन कप्प्यांच्या मधोमध कुटलं की दगड खालच्या आधारावरून उसळतो.

स्क्रूने आवळायची नारळाची खवणी आणि शेवयांचं यंत्र ही खरी गुन्हेगार. त्यांचा चिमटा कडेला खालून वर दाबतो, म्हणजे चिकटवलेल्या पट्टीला ओढतो. आवळायचीच असेल तर वर-खाली लाकडाच्या फळ्या घाला, बेताने आवळा. त्यापेक्षा लाकडी पाटावर बसवलेली खवणी बरी.

सिंकची कड गळते आहे असं वाटतं. कसं ओळखू?

सिंकखालचा कप्पा रिकामा करा, कोरडा पुसा, कडेच्या खाली सगळीकडे टिश्यू चिकटवा. आधी फक्त ओट्यावर, सिंकच्या कडेने पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. टिश्यू भिजला तर सिलिकॉनचा दोष. कोरडा राहिला तर सिंक भरून एकदम सोडा. आता भिजला तर दोष जाळीचा किंवा पाइपचा, मिस्त्रीला नाही, प्लंबरला बोलवा.

खालून चिकटवलेलं सिंक असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. २४ बाय १८ इंच आणि ८ इंच खोल सिंक काठोकाठ भरलं की त्यात पन्नासहून जास्त लिटर पाणी मावतं, म्हणजे पन्नास किलोंहून जास्त वजन. ते फक्त गोंदावर लटकलेलं असू नये. खाली लोखंडी अँगल, पट्ट्या किंवा कडप्प्याचा आधार आहे ना, हात घालून बघा.

सिलिकॉन बदलायचं तर जुनं ब्लेडने पूर्ण काढा, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. सांधा स्पिरिटने पुसा, एक दिवस वाळवा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, ४५ अंशांत कापलेल्या नळीने एकाच दमात भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवा आणि लगेच, साय धरायच्या आत, टेप काढा. २८० मिलीची एक नळी आठ फुटी ओट्याच्या मागच्या सांध्याला आणि सिंकला पुरून उरते. बुरशीरोधक लिहिलेली घ्या.

मागचा सांधा, म्हणजे ओटा आणि भिंतीवरच्या डॅडो टाइल्स भेटतात तो, पांढऱ्या सिमेंटने भरलेला असेल तर वर्षाच्या आत त्यात केसासारखी फट पडतेच. भिंत आणि ओटा वेगवेगळे हलतात. त्या फटीतलं पाणी पलीकडच्या खोलीच्या रंगाला पोपडे आणतं, आणि झुरळांना तर तेवढीच जागा लागते. तिथेही सिलिकॉनच हवं.

कडप्प्याचा ओटा आहे. ग्रॅनाइटसारखा चमकेल का?

नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आंध्रातल्या कडप्पा भागातला हा काळा चुनखडक आहे. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो, सगळ्यांचे डाग पडतात. सोलकढीचं भांडं रात्रभर राहिलं तर सकाळी त्याच्या बुडाचा करडा ठसा दिसतो. खोबरेल लावून काळा करतात, पण ते वाळत नाही, धूळ धरतं आणि खवट होतं. लावायचंच तर औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, चहाचा चमचाभर, पूर्ण ओट्याला चोळून अर्ध्या तासाने कोरडं पुसायचं. दोन-तीन आठवडे रंग टिकतो. आंबट चिरायला, पिळायला पाट किंवा ताट वापरलं की निम्मा त्रास कमी होतो.

बेसिनच्या काउंटरला वेगळं काही?

तिथे हळद-तेल नाही, पण केसांचा रंग, मेंदी, नेलपॉलिश रिमूव्हर, आफ्टरशेव्ह आणि दाढीच्या फेसाचा डबा असतो. डब्याच्या बुडाला गंज चढतो आणि संगमरवरावर तपकिरी कडी उमटते. प्लास्टिकचा ट्रे ठेवा. केसांचा रंग सांडला तर घासत बसू नका, आधी टिपा, मग धुवा.

सगळ्यात जास्त नुकसान टॉयलेट क्लीनरने होतं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. बाटली काउंटरवर टेकवली की बुडाला ओघळलेला थेंब संगमरवरावर गोल कोरतो. बाटली जमिनीवरच ठेवायची, असं घरकामाच्या मावशींनाही सांगून ठेवा.

चरा, टवका, तडा: यातलं काय दुरुस्त होतं?

टवका होतो. उडालेला तुकडा सापडला तर जपून ठेवा, पारदर्शक एपॉक्सीने तोच बसवा, सांधा दिसत नाही. नाही सापडला तर दगडाचा भुगा एपॉक्सीत मिसळून थोडा उंच भरायचा आणि २४ तासांनी ब्लेडने सपाट करायचा. ग्रॅनाइटवरचा चकचकीत करडा ‘चरा’ बऱ्याचदा स्टीलच्या भांड्याने सोडलेली रेघ असते. खोडरबर फिरवून बघा. संगमरवर-कडप्प्याचे चरे पॉलिशवाला मशीनने काढतो. क्वार्ट्झचे सहसा नाही. ॲक्रिलिकचे बारीक पॉलिश पेपरने घरीही जातात.

तडा मात्र भरून चालत नाही, आधी कारण शोधा. शेगडीच्या कापलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यातून निघाला असेल तर कोपरा काटकोनात कापला गेलाय. तो गोलसर हवा होता. मधूनच आडवा असेल तर खाली माल पोकळ आहे. नाण्याने ओट्यावर टकटक करत जा, पोकळ जागी आवाज ढब्ब येतो. आठ बाय दोन फुटांचा १८ मिमी ओटा सत्तरेक किलोंचा असतो, पोकळीवर तो स्वतःच्याच वजनाने वाकायला बघतो. ही दुरुस्ती मिस्त्रीची, आणि पैसे पूर्ण देण्याआधी नाणं फिरवलं असेल तर फुकटातली.

शेवटचा हप्ता देण्याआधी मिस्त्रीकडून काय घ्यायचं?

सिंक आणि शेगडीचे कापलेले तुकडे, दगडाचं नाव आणि जाडी लिहिलेलं बिल, वापरलेल्या सिलिकॉनची आणि गोंदाची रिकामी नळी. तुकडे तो भंगारात नाहीतर पुढच्या कामाला नेतो, म्हणून कापले त्याच दिवशी मागून ठेवा. एक बैठकीला वापरा, दुसरा सिंकखाली उभा करून ठेवा. नवा क्लीनर आणला, नवा सीलर आणला, की आधी त्याच्यावर.